साखरेची फुलं करताय? या चुका टाळा

मळून झाल्या झाल्या गमपेस्टचा, म्हणजे फुलं करायच्या साखरेच्या कणकेचा, गोळा हाताला चिकटतोच. नेमक्या याच क्षणी घाबरून त्यात मूठभर आयसिंग शुगर लोटली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गोळ्याला घट्टपणा देणारी डिंकासारखी टायलोज किंवा सीएमसी पावडर पाणी सावकाश शोषते. आज सैल वाटणारा गोळा उद्या आपोआप घट्ट होणार असतो. त्यात जास्तीची साखर गेली की लाटताना तडे जातात. मग पाण्याचा हात, मग परत चिकट, मग परत साखर.

त्यापेक्षा गोळ्याला शॉर्टनिंग (बेकिंगचं पांढरं घट्ट वनस्पती तूप) चोळा, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा आणि हवाबंद डब्यात रात्रभर विसरून जा. सकाळी पुन्हा मळून छोटा तुकडा दोन्हीकडून ओढा. टक्कन तुटला तर गोळा तयार. लोंबत राहिला तर अजून सैल आहे. आता घाला साखर, तीही चिमटीने.

प्रमाण म्हणाल तर पाव किलो आयसिंग शुगर, दोन सपाट छोटे चमचे टायलोज, लिक्विड ग्लुकोज आणि शॉर्टनिंग प्रत्येकी एक छोटा चमचा, आणि 25 ते 30 मिली कोमट पाणी. थोडी साखर सुरुवातीला बाजूला ठेवा. टायलोज कोरड्या साखरेतच मिसळा, थेट पाण्यात टाकलीत तर गुठळ्या फोडत बसाल. मिक्सरवर दळलेली पिठीसाखर नको. कितीही चाळली तरी कणी राहते आणि पातळ पाकळी तिथेच फाटते. शॉर्टनिंगऐवजी साजूक तूपही नको, फुलाला पिवळट झाक आणि वास येतो. रंग जेलचाच घ्या, पाण्यासारखा रंग गोळा बिघडवतो.

जिलेटिनच्या रेसिपी बऱ्याच दिसतात. जिलेटिन प्राणिजन्य असतं, त्यामुळे ‘एगलेस’ म्हणून दिलेल्या केकवर ती फुलं बसवणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूकच. वरच्या प्रमाणात त्याची गरजही पडत नाही.

पाकळ्या जाड होणं ही दुसरी मोठी तक्रार. त्यावर नाशिककरांकडे फुकटचा गुरू आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडी-जानोरीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतो. त्यातला एक आणा आणि पाकळी पाकळी सुटी करा. आतल्या लहान, एकमेकींना बिलगलेल्या. बाहेरच्या रुंद, कड मागे वळलेली. सगळ्यांचा बुंधा जाडसर आणि कड पातळ. आपण मात्र सगळ्या पाकळ्या एकाच कटरने कापतो आणि सारख्याच जाडीच्या ठेवतो! खालचं छापील अक्षर पुसट दिसेल इतकं पातळ लाटा. मग पाकळी फोमच्या मऊ तुकड्यावर ठेवून बॉल टूल (टोकाला गोळी असलेली दांडी) अर्धं कडेवर, अर्धं फोमवर धरून फिरवा. कॉर्नफ्लोअर भुरभुरवताना हात आखडता ठेवा, त्याने कडा कोरड्या पडून चिरतात. न वापरलेल्या पाकळ्या प्लास्टिकखाली झाका. आणि तो खरा गुलाब केकवर खोचू नका, त्यावर औषधं फवारलेली असतात.

चिकटवायला नुसतं पाणी जास्त झालं तर साखर विरघळून पाकळी घसरते. दोन मोठे चमचे पाण्यात पाव छोटा चमचा टायलोज रात्रभर भिजवा, सकाळी पारदर्शक डिंक तयार असतो. तोही ब्रशच्या टोकाने, पुसट लावा.

आता हवा. थंडीत नाशिकची हवा कोरडी, पाकळी वळवेपर्यंत कडक होते. तेव्हा एका वेळी दोन-तीनच कापा. पावसाळ्यात उलट, फुलं दोन-दोन दिवस ओलसर राहतात. पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत वाळवा. उन्हाळ्यात कूलरसमोर मात्र चुकूनही नको, तो पाण्याचीच हवा फेकतो. वाळलेली फुलं फ्रीजमध्येही नकोत. बाहेर काढली की घाम फुटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, उन्हापासून लांब ठेवा. उन्हात गुलाबी आणि जांभळा रंग उडतो.

आपल्याकडचे बहुतेक केक व्हिप्ड क्रीमचे, म्हणजे फ्रीजमध्ये राहणारे. त्यावर आदल्या रात्री फुलं लावली तर सकाळी पाकळ्या माना टाकतात. फुलं वेगळ्या खोक्यात द्या, केक कापायच्या थोडं आधी चॉकलेटच्या पातळ चकतीवर बसवायला सांगा. तारेचं फूल असेल तर तार थेट केकमध्ये टोचायची नाही, आधी स्ट्रॉचा तुकडा खोचून त्यात बसवायची. आणि लहान मुलांच्या हातात ते फूल पडणार असेल, तर आत तार आहे हे घरच्यांना सांगून ठेवा.