वैद्यांवर विकिपीडियात लेख करताय? आधी या चुका टाळा

मी विकिपीडियाचा संपादक. म्हापशाहून एक गृहस्थ, भाई, माझ्याकडे आले. काखेत प्लॅस्टिकची फाइल, आत वडिलांची चाळीस कात्रणं. "बाबांचं पान करूया. सगळा गोवा ओळखतो त्यांना." घरात तिसऱ्या पिढीची वैद्यकी, काविळीवर औषध घ्यायला पार सावंतवाडीहून माणसं येतात. चहा होईपर्यंत मी कात्रणांचे दोन ढीग लावले. एकात अडतीस, दुसऱ्यात दोन. भाईंचा चेहरा पडला. अडतीस बाद का झाली, तेच इथे सांगतो.

सर्वांत मोठा गठ्ठा सत्कारांचा. शाल, श्रीफळ, समई, मागे बॅनर. अशा कात्रणाची परीक्षा सोपी आहे: तेवढं एकच समोर ठेवून त्या माणसाविषयी चार वाक्यं लिहून बघा. उपस्थित मान्यवरांची नावं गाळली की "सत्कार झाला" एवढंच उरतं. विकिपीडियावर पान व्हायला लागते ती उल्लेखनीयता म्हणजे माणूस किती मोठा, किती गुणी, हे नव्हेच. ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा लोकांनी, कोणी न सांगता, त्याच्याविषयी सविस्तर लिहिलंय का, एवढाच प्रश्न असतो. नात्यातला माणूस हा प्रश्न ऐकूनच दुखावतो, कारण त्याला वाटतं आपण वडिलांच्या हातगुणावर शंका घेतोय.

दुसरा गठ्ठा पुरवण्यांचा. पानभर मजकूर, आणि तळाला दवाखान्याच्या वेळा नि फोन नंबर. कोपऱ्यात 'जाहिरात' छापलेलं असो वा नसो, ती जाहिरातच. मग तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतली एकच बातमी मिळाली. तिन्हींत 'धन्वंतरी'चा 'धन्वतंरी' झालेला, म्हणजे पत्रक एकाच टेबलावरून गेलेलं. हे तीन स्रोत नव्हेत. एकसुद्धा नव्हे, कारण पत्रक त्यांच्याच घरून निघालं होतं. मुलाखतीचंही तसंच: त्यात वैद्य स्वतःबद्दल बोलतात, दुसरं कोणी नाही. हरड्यावर त्यांनी लिहिलेलं रविवारचं सदर वाचनीय होतं, पण ते हरड्याविषयी होतं.

पदवीचा मुद्दा लवकर संपतो. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी म्हणजे साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप, मग नोंदणी. हा वैद्यकीचा परवाना झाला. शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवणं मानाचं, पण तेवढ्यावर पान होत नाही. पुरस्कारांत मात्र फरक करा. बृहस्पतीदेव त्रिगुणांना 2003 साली पद्मविभूषण मिळालं, कोट्टक्कलच्या पी. के. वारियर यांना 2010 साली पद्मभूषण. अशा माणसांवर इतरांनी आधीच भरपूर लिहिलेलं असतं. ज्या पुरस्कारासाठी आधी 'सहभाग शुल्क' भरावं लागतं, तो फाइलीतच शोभतो.

आता नाजूक भाग. "काविळीवर हमखास गुण" हे वाक्य लेखात येता कामा नये, रुग्णांची पन्नास पत्रं असली तरी. हिपॅटायटिस ए या विषाणूने झालेली कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मग गुण कोणाचा, हे पत्रांवरून कळणार कसं? उपचाराच्या दाव्याला वैद्यकीय संशोधनाचा चांगल्या दर्जाचा आढावा लागतो. इथे आयुर्वेदाचा अपमान शोधू नका. इंग्रजी विकिपीडियाच्या आयुर्वेदावरील लेखाविरुद्ध औषधनिर्मात्यांची संघटना 2022 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. याचिका फेटाळली गेली. लेख तुम्ही स्वतः संपादित करू शकता, असं न्यायालयाने म्हटलं.

उलटी चूकही तितकीच होते, आणि ती आम्हा संपादकांची. गुगलवर नाव टाकायचं, काही दिसलं नाही की 'पान काढा'चा साचा, म्हणजे पानाच्या डोक्यावरची तयार सूचना, डकवायचा. गोव्यात हे चालत नाही. 'ओ हेराल्डो' हे इथलं वर्तमानपत्र 1900 पासून निघतं आणि 1983पर्यंत ते पोर्तुगीजमध्ये होतं. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये क म्हणजे सी किंवा क्यू, श म्हणजे एक्स. आजच्या स्पेलिंगने कामत शोधलात तर जुने कामत सापडायचे नाहीत. त्यात 'वैद्य' हे आडनावही. शोधात जमीनदार, शिक्षक, सगळे एकाच रांगेत येतात. जुन्या अंकांसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक दिवस काढावाच लागतो.

माणूस वैद्य म्हणून नव्हे, दुसऱ्याच कामासाठी उल्लेखनीय असतो, हेही निसटतं. फोंड्यातल्या चौकाला दादा वैद्यांचं नाव आहे ते काही नुसत्या काढ्यांमुळे नाही. शिक्षण नि समाजसुधारणेतलं त्यांचं काम लिहिलं नाही तर लेख अर्धाच. उलट कधी वेगळं पान नकोच असतं. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'होर्तुस मलबारिकुस' या लॅटिन ग्रंथाच्या 1678च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांचा नागरी अक्षरांतला दाखला छापलाय. मोठाच मान! पण तेवढ्या माहितीवर तीन पानं ओढण्यापेक्षा ग्रंथाच्या लेखात एक नीट परिच्छेद बरा, असं माझं मत.

आणि पान आधीच टाकून बसला असाल, वर साचा लागला असेल, तर? साचा काढू नका, परत लागतो. लेखाला जोडलेल्या चर्चापानावर आपलं नातं उघड सांगा आणि त्यातले बळकट दोन-तीन स्रोत तारखेसकट द्या. घरातल्या चौघांनी त्याच रात्री नवी खाती काढून "लेख ठेवावा" लिहिण्याचा प्रकार मी पाहिलाय. लेख ठेवायचा की काढायचा या चर्चेत डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात. शिवाय नवी खाती लगेच ओळखू येतात.

भाईंची ती दोन कात्रणं चांगली होती. एक वार्ताहराने स्वतः गावात फिरून लिहिलेलं, दुसरं गोव्यातल्या वैद्यघराण्यांवरच्या लेखातलं दीड पान. दोन्ही घेऊन मसुदा माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या पानावर, ठेवलाय, सहा ओळींचा. तिसरं काही मिळतंय का ते बघायला भाई पुढच्या मंगळवारी पाटोला जाणार आहेत.