लॅपटॉपचे दोन प्रोसेसर समोर असतील तर कोणता फास्ट हे कसं तपासायचं

समजा बजेट ठरलंय आणि गाडी तीन लॅपटॉपवर येऊन अडकलीये, एकात इंटेलचा आय५-१२३५यू, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ ७५३०यू आणि तिसरा जरा स्वस्त, त्यात रायझन ५ ७५२०यू. दुकानदार म्हणणार सगळे सेमच हो, आय५ काय नि रायझन ५ काय. लगेच कार्ड काढू नका, आधी नाव पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत.

एएमडीने २०२३ च्या मॉडेल्सना नावाची जी पद्धत लावली त्यात पहिला आकडा वर्षाचा असतो आणि तिसरा आतल्या डिझाइनचा, आणि खरी गोष्ट त्या तिसऱ्या आकड्यात असते. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ (एएमडीच्या डिझाइनची जुनी पिढी), ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३ (त्यानंतरची). नावात जेमतेम १० चा फरक दिसतो पण ७५२०यू ला ४ कोअर (चिपमधले काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं) आणि ४ एमबी एल३ कॅश (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी), तर ७५३०यू ला ६ कोअर, १२ थ्रेड आणि १६ एमबी कॅश. दोन्हीवर "७००० सिरीज" असाच स्टिकर, म्हणून लोक फसतात आणि मला याचा खरंच राग येतो, कारण स्वस्तातला लॅपटॉप घेणारा माणूसच यात मार खातो.

इंटेलकडे शेवटचं अक्षर बघायचं. यू म्हणजे कमी पॉवरवाला, एच म्हणजे जास्त पॉवर खाणारा, पी या दोघांच्या मधला. आणि कोअर नुसते मोजू नका, १२३५यू ला १० कोअर आहेत खरे पण त्यातले मोठे, वेगवान फक्त २, बाकीचे ८ छोटे, कमी ताकदीचे, थ्रेड शेवटी १२ च. म्हणजे १० विरुद्ध ६ असा हिशोब इथे चालतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वॅट. १२३५यू ची बेस पॉवर १५ वॅट आणि टर्बोला (पूर्ण जोर लावून पळताना) कमाल ५५ वॅट, पण हे ५५ थोडा वेळच मिळतात, नंतर चिप किती वॅटवर स्थिरावणार ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, कूलिंग कसंय त्यावर. त्यामुळे तोच प्रोसेसर एका पातळ लॅपटॉपमध्ये लवकर दमतो आणि दुसऱ्या जाडसर मॉडेलमध्ये आरामात पळतो. म्हणून "१२३५यू विरुद्ध ७५३०यू" असं सर्च करून जे आकडे येतात त्यावर फार विसंबू नका, तुम्ही घेणार तेच मॉडेल टेस्ट केलेला रिव्ह्यू शोधा, आणि रिव्ह्यू एसीत झालाय आणि तुम्ही मे महिन्यात नागपुरात वापरणार असाल तर तेही डोक्यात ठेवा.

बेंचमार्क (वेग मोजणाऱ्या टेस्टचे स्कोअर) बघताना सिंगल-कोअर (एका कोअरचा वेग) आणि मल्टी-कोअर (सगळे मिळून) वेगळे बघा. ब्राउझर, टॅली, साधं एक्सेल, यात सिंगल-कोअर जास्त जाणवतो. व्हिडिओ रेंडर, मोठा कोड कंपाइल करणं, ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर), इथे मल्टी-कोअर. गीकबेंच आणि सिनेबेंच ही अशा टेस्टची दोन सॉफ्टवेअर. गीकबेंच छोट्या छोट्या कामांचं असतं, त्यात लॅपटॉप फारसा तापत नाही, म्हणून सिनेबेंच आर२३ ची १० मिनिटांची मल्टी-कोअर टेस्ट बघा. गीकबेंच ५ चा स्कोअर ६ च्या स्कोअरशी लावू नका, तसंच आर२३ आणि सिनेबेंच २०२४ चं, दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे. आणि फरक ५-१० टक्के असेल तर माझ्या मते सोडून द्या, रोजच्या कामात कळत पण नाही, त्यापेक्षा स्क्रीन आणि कीबोर्ड बघा.

दोन्ही लॅपटॉप हाताशी असतील (मित्राचा, ऑफिसचा) तर स्वतः तपासणं सगळ्यात भारी. दोन्हीकडे चार्जर लावा, विंडोजमध्ये पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्स करा, अपडेट चालू असेल तर संपू द्या, मग तोच एक व्हिडिओ हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर) एकाच सेटिंगने कन्व्हर्ट करून वेळ लावा. एन्कोडर (व्हिडिओ कन्व्हर्ट करायची पद्धत) एक्स२६४ निवडा हं, इंटेलचं क्विक सिंक घेतलं तर काम ग्राफिक्सचं हार्डवेअर करतं आणि प्रोसेसर मोजलाच जात नाही. बाजूला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडं ठेवा, त्यात सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातोय ते दिसतं, सुरुवातीला किती आणि १० मिनिटांनी किती ते लिहून ठेवा. मग चार्जर काढून परत तेच करा, काही लॅपटॉप बॅटरीवर एकदम ढेपाळतात.

रॅम विसरू नका. १२३५यू बरोबर एकच रॅमची स्टिक असेल तर त्यातलं आयरिस एक्सई ग्राफिक्स नुसतं यूएचडी (इंटेलचं साधं ग्राफिक्स) म्हणून दिसतं आणि गेमिंग बऱ्यापैकी पडतं, दुसरी स्टिक टाकली की परत येतं. ७५२०यू ला एलपीडीडीआर५ रॅम लागते, ती बोर्डवरच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून ८ जीबीवाला घेताना दहादा विचार करा.

दुकानात काही इन्स्टॉल करू देत नाहीत, पण कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायला कोणी अडवत नाही. परफॉर्मन्स टॅबमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर, एल३ कॅश आणि मेमरीखाली किती स्लॉट वापरलेत ते सगळं दिसतं. या तिघांत मी ७५२०यू आधी बाजूला काढेन, आणि उरलेल्या दोघांत ज्या लॅपटॉपचं कूलिंग चांगलं आणि रॅमच्या दोन स्टिक आहेत तो घेईन.