ब्रेडबोर्डवर गिटारचा बूस्टर लावताना: या चुका टाळा

गिटार इफेक्टची सर्किट शिकायला सुरुवात करायची तर इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या एलपीबी-१ बूस्टरसारखं (गिटारचा आवाज वाढवणारं) सोपं सर्किट शोधूनही सापडणार नाही. न्यूयॉर्कच्या या कंपनीच्या सुरुवातीच्या काळातला हा बूस्टर अवघ्या एका ट्रान्झिस्टरवर चालतो. मूळ सर्किटात ४३० के (किलोओम) आणि ४३ के असे रेझिस्टर आहेत. ते दुकानात मिळाले नाहीत तर ४७० के आणि ४७ के घ्या. दोघांचं गुणोत्तर तेच राहतं, त्यामुळे बायस (ट्रान्झिस्टरला मिळणारं ठरावीक व्होल्टेज) बिघडत नाही. बाकी सामान इतकंच: १० के, ३९० ओम आणि १ मेगचा (मेगओम) एकेक रेझिस्टर, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, १०० के चा एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, दोन मोनो जॅक आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत सगळं मिळतं.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या बोर्डावर) जोडणी अशी. इनपुट जॅकच्या टिपवरून (टोकाच्या संपर्कावरून) एक कपॅसिटर ट्रान्झिस्टरच्या बेसला. अधिक रेलपासून (बोर्डाच्या कडेची, बॅटरीच्या अधिक टोकाची ओळ) बेसला ४७० के, बेसपासून ग्राउंडला (बॅटरीचं वजा टोक आणि जॅकची बाहेरची बाजू, म्हणजे स्लीव्ह, यांची सामाईक रेल) ४७ के. अधिक रेलपासून कलेक्टरला १० के, एमिटरपासून ग्राउंडला ३९० ओम. कलेक्टरवरून दुसरा कपॅसिटर पॉटच्या एका कडेच्या पायाला, दुसऱ्या कडेचा पाय ग्राउंडला आणि मधला पाय आउटपुट जॅकच्या टिपला. १ मेग इनपुट टिपपासून ग्राउंडला. इतकी थोडी जोडणी असूनही पहिल्या फटक्यात आवाज न येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि दोष बहुधा सर्किटाचा नसून बोर्डाचा असतो.

रेल मध्येच तुटलेली असते

८३० भोकांच्या अनेक बोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या रेल सलग दिसतात, पण मधोमध तुटलेल्या असतात. छापलेली लाल रेघ जिथे खंडित दिसते तिथे आतली पट्टीही संपते. बॅटरी डाव्या टोकाला आणि ट्रान्झिस्टर उजव्या अर्ध्यात असेल तर त्याला वीज पोहोचतच नाही. शिवाय वरची निळी रेल आणि खालची निळी रेल आपोआप जोडलेल्या नसतात. नवा बोर्ड हातात आला की आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून रेलची दोन्ही टोकं तपासा आणि तुटलेल्या जागी छोट्या तारांचे पूल कायमचे बसवून टाका.

मधल्या भागात पाच-पाच भोकांची एकेक ओळ आतून जोडलेली असते. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत खोचले तर तो शॉर्ट होतो, जणू तिथे नुसती तार आहे. घाईत ही चूक जाणत्यांकडूनही होते.

बोर्डाच्या पाठीचा चिकट कागद सोलू नका. त्याच्यासोबत फोम निघाला तर आतल्या पट्ट्या उघड्या पडतात आणि पत्र्याच्या टेबलावर सगळ्या एकमेकींना भेटतात.

जाड पाय, बारीक तारा

भोकांतल्या स्प्रिंगना साधारण ०.५ ते ०.६५ मिलिमीटर जाडीची एकसंध तार आवडते. जुन्या लॅन केबलमधल्या एकसंध तारा यासाठी अगदी योग्य. टोकाला ७-८ मिलिमीटर सोला. अनेक पदरी तार पिळून खोचली तर एखादा पदर शेजारच्या ओळीत घुसतो. उलट, १एन४००७ सारख्या डायोडचे जाड पाय दाबून बसवले की ते भोक कायमचं सैल होतं आणि पुढच्या सर्किटात तिथेच खरखर सुरू होते.

पॉटचे आणि जॅकचे पाय बोर्डात थेट कोंबू नका. त्यांना दहा-बारा सेंटिमीटरच्या तारा सोल्डर करा आणि तो संच पुढच्या सगळ्या सर्किटांसाठी ठेवा. सुरुवातीला हा अर्धा तास कंटाळवाणा वाटतो, पण ब्रेडबोर्डवरचे निम्मे त्रास यानेच जातात.

बीसी५४७ आणि २एन३९०४ यांचे पाय उलटे

सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ आणि २एन५०८८ मध्ये तेच एमिटर, बेस, कलेक्टर. परदेशी आकृतीत २एन५०८८ असेल आणि तुमच्या हातात बीसी५४७ असेल, तर चित्र पाहून जसाच्या तसा खोचला की तो उलटा बसतो. गंमत अशी की उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प राहीलच असं नाही. कधीकधी मेलेला, खरखरीत आवाज येतो आणि माणूस कपॅसिटर बदलत बसतो.

रेझिस्टरच्या बाबतीत निळ्या अंगाचे पाचपट्टी रेझिस्टर फसवतात. तपकिरी-काळा-काळा-लाल म्हणजे १० के, तर तपकिरी-काळा-काळा-तपकिरी म्हणजे १ के. पाचवी पट्टी टॉलरन्सची, म्हणजे किमतीत चालणाऱ्या फरकाची. पिवळ्या दिव्यात लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात. रंग वाचण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर बोर्डात जाण्याआधी मीटरवर मोजा. कपॅसिटरवर १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड आणि १०३ म्हणजे ०.०१. इनपुटला चुकून १०३ लागला तर आवाज येतो, पण खालचे स्वर पातळ होतात.

आवाज नसेल तर आधी व्होल्टेज

काळा प्रोब बॅटरीच्या वजा टोकाला ठेवा, मीटर २० व्होल्ट डीसीवर. बॅटरी ताजी असेल तर बेसला साधारण ०.७५ ते ०.८, एमिटरला ०.१५ ते ०.२ आणि कलेक्टरला ४ ते ५ व्होल्ट दिसायला हवेत. ट्रान्झिस्टरच्या गेननुसार (वाढवण्याच्या क्षमतेनुसार) थोडा फरक पडतो.

कलेक्टरला पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे: ४७० के सुटलाय, किंवा एमिटरचा ३९० ओम ग्राउंडपर्यंत पोचलेला नाही. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसले तर तो पूर्ण उघडा पडलाय: ४७ के गायब आहे, किंवा ४७ के आणि ४७० के यांची अदलाबदल झाली आहे. अगदी शून्य दिसलं तर १० के ला अधिक रेल मिळत नाही, म्हणजे पुन्हा त्या तुटलेल्या रेलकडे जा. आणि बॅटरीच जोडताच ९ वरून ३-४ वर कोसळत असेल तर ताबडतोब काढा, कुठेतरी शॉर्ट आहे. हे सर्किट अर्ध्या मिलिअँपच्या आसपासच खातं. त्याने बॅटरी दबण्याचं कारणच नाही.

करंट मोजून झाल्यावर मीटरचा लाल प्रोब परत व्होल्टच्या भोकात लावायला विसरू नका. अँपच्या भोकात असताना तो बॅटरीला लावला तर तोच शॉर्ट.

व्होल्टेज बरोबर, तरी शांतता

आता जॅक तपासा. बॅटरी काढा, गिटार जोडा, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि बोर्डावरच्या इनपुट तारेपासून ग्राउंडपर्यंत ओम मोजा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर साधारण ५ ते ८ के, हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर बहुधा ७ के च्या वर यायला हवेत. शून्य आलं तर तार शॉर्ट आहे किंवा व्हॉल्यूम बंद. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा १ मेग दाखवत असेल तर केबल किंवा जॅक तुटलेला आहे. बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह पिकअप असेल तर ही चाचणी लागू नाही. टिप आणि स्लीव्ह यांची अदलाबदल झाली असेल तर मोठी गुणगुण येते. मीटरच्या बीपवर केबल लावूनच ओळखा, अंदाजाने नको.

पुढची पायरी म्हणजे ऑडिओ प्रोब. एका तारेच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरड जोडा, दुसरं टोक अ‍ॅम्पला जाणाऱ्या केबलच्या टिपला आणि स्लीव्ह बोर्डाच्या ग्राउंडला. अ‍ॅम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. मग गिटारची तार छेडत प्रोब आधी इनपुटला, मग बेसला, मग कलेक्टरला, मग पॉटच्या मधल्या पायाला लावा. आवाज जिथे जातो, दोष त्याच्या लगेच आधीच्या भागात. बेसवर आवाज आहे आणि कलेक्टरवर मोठा झालाय, पण पॉटवर गायब, तर आउटपुट कपॅसिटरची ओळ पाहा.

गुणगुण आणि शिट्टी

ब्रेडबोर्डवर थोडी गुणगुण येणारच. त्यावर जाळी नाही, डबा नाही. शिकताना बॅटरी वापरा, अडॅप्टर नको. पेडलच्या ९ व्होल्ट अडॅप्टरमध्ये प्लगच्या आत वजा आणि बाहेर अधिक असतं, तर राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुधा उलट, आणि तो बरेचदा १२ व्होल्टचा असतो. मोबाईल आणि लॅपटॉपचा चार्जर दूर करा. बोर्डाखाली बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठेवून त्याला ग्राउंडची तार लावली तरी आवाज बराच शांत होतो.

शिट्टी येत असेल तर इनपुट आणि आउटपुटच्या तारा शेजारून जात आहेत का पाहा. शेजारशेजारच्या ओळींमध्येही काही पिकोफॅरड कपॅसिटन्स असते आणि वीसपट गेनच्या सर्किटाला तेवढं पुरतं. इनपुट डावीकडे, आउटपुट उजवीकडे, तारा आखूड आणि बोर्डाला चिकटून. एवढ्याने थांबलं नाही किंवा रेडिओ ऐकू येऊ लागला, तर कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये ४७ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पुढे टीएल०७२ लावणार असाल तर

टीएल०७२ हा दोन अ‍ॅम्प्लिफायर असलेला आयसी बोर्डाच्या मधल्या खाचेवर आडवा बसतो, दोन्ही बाजूंचे पाय वेगवेगळ्या ओळींत. खुणेची खाच वर धरली तर १ नंबरचा पाय डावीकडे वर. ८ ला अधिक, ४ ला ग्राउंड. उलटा लावला तर तो तापतो आणि बहुधा जातो. एकाच बॅटरीवर चालवताना दोन १० के आणि ४७ मायक्रोफॅरड वापरून ४.५ व्होल्ट तयार करा आणि इनपुटचा १ मेग ग्राउंडऐवजी त्या बिंदूला न्या. नाहीतर अर्धी लाट कापली जाते आणि फाटका आवाज येतो. पाय ८ आणि ४ यांच्यामध्ये शक्य तितक्या जवळ १०४ लावा. न वापरलेला अर्धा भाग मोकळा सोडू नका: त्याचं अधिक इनपुट ४.५ व्होल्टला आणि वजा इनपुट त्याच्याच आउटपुटला जोडा.