लांबच्या ब्रँच ऑफिसेसमध्ये एससीसीएम रोलआउट करताय? या चुका टाळा

एससीसीएम म्हणजे कंपनीतल्या सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर आणि अपडेट पाठवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल. लॅबमध्ये ते झकास चालतं, कारण सर्व्हर शेजारच्याच रॅकमध्ये असतो आणि मध्ये गिगाबिट स्विच. मग तोच प्लॅन जसाच्या तसा चाळीस-पन्नास ब्रँचना लावतात आणि पहिल्याच आठवड्यात फोन सुरू, नेट स्लो झालंय, काम होत नाहीये. अशा वेळी टीम सर्व्हरची रॅम वाढवत बसते. पण दुखणं बहुतेक वेळा सर्व्हरमध्ये नसतंच, ते ब्रँचच्या लाइनमध्ये आणि बाउंडरीमध्ये (कुठल्या आयपी रेंजचं मशीन कुठल्या ऑफिसचं हे सांगणारी नोंद) असतं, म्हणून प्लॅनिंग तिथूनच सुरू करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गणितच न मांडणं. समजा ब्रँचला ४ एमबीपीएसची लाइन आहे आणि ४० मशीन. ४०० एमबीचं पॅकेज प्रत्येकाने हेड ऑफिसमधून ओढलं तर १६ जीबी झाले, म्हणजे पूर्ण लाइन दिली तरी जवळपास नऊ तास, आणि तेवढ्या वेळात त्या ऑफिसात मेलसुद्धा धड उघडणार नाही. यावर कुणीतरी हमखास म्हणतं की बिट्स (विंडोजची मागे हळूहळू डाउनलोड करणारी सर्व्हिस) आहे ना, तो सांभाळून घेईल. नाही घेत हो! बिट्सला मुख्यतः स्वतःच्या मशीनवरचं ट्रॅफिक दिसतं, पुढची लाइन किती भरलीय ते त्याला कळत नाही. क्लायंट (प्रत्येक मशीनवरचा एससीसीएमचा एजंट) सेटिंगमध्ये १०० केबीपीएसची लिमिट टाकली तरी ती दर मशीनला लागते, चाळीस मशीन एकदम सुरू झाली की तुमचे ४ एमबीपीएस संपलेच. त्यापेक्षा ब्रँचमध्ये एक डिस्ट्रिब्युशन पॉइंट (डीपी, म्हणजे मशीन जिथून पॅकेज ओढतात तो सर्व्हर) द्या, रेट लिमिट आणि शेड्यूल लावून कंटेंट रात्री पाठवा, नाहीतर प्रीस्टेज करून, म्हणजे आधीच फाइल बनवून, डिस्कवरून न्या. दहा-बारा मशीनचं छोटं ऑफिस असेल तर पीअर कॅश किंवा ब्रँचकॅशवर (दोन्हीत मशीन शेजारच्या मशीनकडून फाइल घेतात) भागतं, फक्त ब्रँचकॅशचा डिस्ट्रिब्युटेड मोड एकाच सबनेटमध्ये चालतो हे विसरू नका.

दुसरी चूक बाउंडरीची, आणि ही जास्त छळते कारण लगेच दिसत नाही. लक्षण असं: सॉफ्टवेअर सेंटरमध्ये (मशीनवरचं एससीसीएमचं अॅप) डाउनलोडिंग ० टक्के, तासन् तास हलत नाही. किंवा याहून वाईट, दोन तास काहीच नाही आणि मग अचानक हेड ऑफिसची लाइन फुल्ल. ते दोन तास उगाच नसतात, बाउंडरी ग्रुप म्हणजे बाउंडरी आणि त्यांचे डीपी यांचा गट, आणि आपल्या ग्रुपमध्ये कंटेंट नसेल तर डिफॉल्ट साइट बाउंडरी ग्रुपवर फॉलबॅक व्हायची (तिकडे वळायची) वेळ मुळात १२० मिनिटं असते. ब्रँचच्या डीपीवर कंटेंट पोचलेलंच नसेल आणि हेड ऑफिसचा डीपी त्या डिफॉल्ट ग्रुपमध्ये टाकून ठेवला असेल तर क्लायंट तिकडेच वळणार. मशीनचा आयपी कुठल्याच ग्रुपमध्ये बसत नसेल तर तो पहिल्यापासूनच डिफॉल्ट ग्रुपमध्ये. अशा वेळी आधी क्लायंटवरचा लोकेशन सर्व्हिसेस लॉग उघडा, कुठला डीपी मिळाला ते तिथेच कळतं, रिइन्स्टॉल करत बसू नका, प्लीज.

बाउंडरी बनवताना नेटवर्क टीमच्या जुन्या एक्सेल शीटवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक ब्रँचमधल्या एका मशीनवर खरा आयपी बघा. दोन ऑफिसमध्ये राउटरची मूळचीच १९२.१६८.१ वाली रेंज राहिलेली असते आणि मग कुठलं मशीन कुठल्या ऑफिसचं हे सिस्टमला ओळखताच येत नाही. ते री-आयपी (एका ऑफिसला वेगळी रेंज देणं) रोलआउटच्या आधीच उरकून घ्या.

क्लायंट पुशवर, म्हणजे सर्व्हरवरून मशीनवर क्लायंट ढकलण्यावर, सगळी भिस्त ठेवू नका. त्याला ४४५ आणि १३५ पोर्ट, अॅडमिन शेअर, लोकल अॅडमिन खातं सगळं लागतं आणि ब्रँचच्या फायरवॉलवर यातलं एखादं बंदच असतं. ग्रुप पॉलिसीच्या स्टार्टअप स्क्रिप्टने, ब्रँचमधल्याच शेअरला सोर्स दाखवून सीसीएमसेटअप (क्लायंटचा इन्स्टॉलर) चालवलं की लाइनवर भारही कमी पडतो. अडकलं तर सीसीएमसेटअप लॉग शेवटून वर वाचत या.

शेड्यूल क्लायंटच्या लोकल टाइमवर आहे की यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) हेही एकदा बघून घ्या, वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये ऑफिसं असतील तर रात्रीचं काम कुठेतरी भर दुपारी सुरू होतं.

आणि पायलटला हेड ऑफिसच्या खालच्या मजल्यावरची मशीन घेऊ नका, सगळ्यात रडकी लाइन असलेली ब्रँच घ्या. तिथे एक मोठं पॅकेज आणि एका महिन्याचे अपडेट नीट गेले, ऑफिसच्या वेळेत कुणाची तक्रार आली नाही, की मगच पुढच्या पाच ब्रँच उघडा.