खाणं आणि गाणं शूट करताय? या चुका टाळा

मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज खुलवणाऱ्या, एका कारागिरापुढे आम्ही तिघं बसलो होतो. एकाकडे कॅमेरा, एकाकडे आवाज, प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. ते घोडीवरून कानस हलकेच फिरवायचे, तार छेडायचे, मान कलती करून ऐकायचे, पुन्हा कानस. पंधराएक मिनिटं हेच चाललं होतं. मला वाटलं, शांतता फार झाली, बघणारा कंटाळेल. मी विचारलं, "चाचा, हे काम कधीपासून करताय?"

त्यांनी कानस खाली ठेवली. रागावले नाहीत. "लहानपणापासून," म्हणाले, आमच्यासाठी चहा मागवला, आणि चहा झाल्यावर म्हणाले, "आज राहू दे आता. कान गेला."

आमचं त्या दिवसाचं शूट तिथेच संपलं. दोष पूर्णपणे माझा. नंतर खाणं आणि गाणं या दोन विषयांवर छोट्या डॉक्युमेंटरी करताना पुष्कळ चुका केल्या, पण त्यातल्या बहुतेक या एकाच चुकीच्या सख्ख्या बहिणी निघाल्या. समोरचं काम कुठे बोलू देतं आणि कुठे देत नाही, हे कळायच्या आत आम्ही कॅमेरा चालू करायचो.

खुर्चीत बसवून मुलाखत घेणं

"आधी मुलाखत उरकू, मग कामाचे शॉट घेऊ." वेळापत्रकात हे छान दिसतं. प्रत्यक्षात रोज दोनशे माणसांना जेवू घालणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला की सत्काराला उत्तर दिल्यासारखं बोलायला लागतो. "आमच्या आजोबांनी हा व्यवसाय सुरू केला..." यापुढे गाडी सरकत नाही. त्याच माणसाला कांदा चिरू द्या. हात चालू झाले की तोंड आपोआप चालू होतं.

मात्र हे सरसकट खरं नाही, आणि मिरजेत मी तिथेच फसलो. भोपळा घासणं, लाकडावर पॉलिश चढवणं, भाजी निवडणं, कणीक तिंबणं ही बोलता बोलता करायची कामं. जवारी, तबला सुरात लावणं, पाकाची तार बघणं ही गप्प बसून करायची. पहिल्या प्रकारच्या कामात भरपूर विचारा. दुसऱ्या प्रकारात तोंडाला कुलूप, कॅमेरा चालू, आणि जे विचारायचं होतं ते चहाच्या वेळी. ती शांतता पुढे एडिटमध्ये सोन्यासारखी वाटते.

पहिल्याच काहिलीला कॅमेरा काढणं

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेलात तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तिथलं काम दिवसभर पुन्हा पुन्हा होतं. चरकातून उसाचा रस मांदणात म्हणजे रसाच्या टाकीत, मांदणातून काहिलीत म्हणजे मोठ्या पसरट कढईत, खाली चुलवाणात म्हणजे भट्टीत जळायला चिपाडं. रस तापला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. मग दोन-अडीच तास आटवण. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा मुख्य कारागीर, पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते बोटांनी बघतो, हात वर करतो, आणि चार गडी काहील उतरवतात.

नवखी टीम पोचल्या पोचल्या शूट सुरू करते. मग काहील उतरायची वेळ येते तेव्हा कॅमेरा चुकीच्या बाजूला असतो, पुढ्यात एका गड्याची पाठ असते, आणि "दादा, जरा थांबा" असं कोणीतरी ओरडतं. उकळता पाक थांबत नाही. मिनिटभर उशीर झाला तर गूळ करपतो, आणि ते नुकसान त्या शेतकऱ्याचं. शिवाय त्या क्षणी वाटेत उभं राहणं सरळसरळ धोक्याचं आहे. पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो.

म्हणून पहिली काहील नुसती बघा. कोण कुठून येतं, काहील कोणत्या बाजूला कलंडते, वाफ कुठे जाते, गुळव्या गप्प कधी होतो. दुसरी काहील लांबून, सगळं चित्र दिसेल अशी. तिसरीला हात, चेहरे, मळीचा फेस, चुलवाणाचं तोंड. वेगवेगळ्या काहिलींचे तुकडे एडिटमध्ये बेमालूम जुळतात.

खानदेशात मांडे, म्हणजे पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या, करणाऱ्या मावशींच्या बाबतीतही हेच. हातांवर झुलवत झुलवत मांडा एवढा मोठा होतो आणि उपड्या खापरावर पडतो, ते बघून प्रत्येक कॅमेरामनच्या तोंडून निघतंच, "मावशी, परत एकदा!" अहो, त्या तशाही पुढचा मांडा करणारच आहेत. थांबा. "परत एकदा" म्हटलं की पुढचा मांडा कॅमेऱ्यासाठी होतो. हात अवघडतात, पोळी फाटते, आणि मावशींना घरच्यांसमोर ओशाळल्यासारखं होतं. खरोखरच जादा करायला लावणार असाल तर पुरणाचे, तुपाचे, जळणाचे पैसे आधी द्या, मागायची वेळ आणू नका.

ऑटो नावाचा शत्रू

गुळव्या गुळाचा अंदाज रंगावरून घेतो. सुरुवातीचा हिरवट मळकट रस हळूहळू पिवळा होतो, मग सोनेरी, मग तांबूस. तुमच्या फिल्मची गोष्ट ती हीच. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणारं सेटिंग, ऑटोवर असेल तर तो बिचारा प्रत्येक शॉटमध्ये रंग 'दुरुस्त' करत बसतो. जाळ चौकटीत आला की चित्र निळसर, जाळ बाहेर गेला की पिवळं. गुळव्या ज्या रंगाबद्दल बोलतोय तो पडद्यावर नसतोच! एकदा ठरवा, लॉक करा, दिवसभर हात लावू नका.

दुसरा ऑटो शटरचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन किंवा कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० ठेवा, बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. भर उन्हातून सावलीत आलात तर शटर तिथेच राहू द्या, उजेड एनडी फिल्टरने, म्हणजे लेन्सवरच्या गडद काचेने, सांभाळा. शटर फार वेगवान झालं तर आणखी एक गंमत होते. तंबोऱ्याच्या तारा जवळून घेतल्या की त्या सापासारख्या वळवळताना दिसतात. दिसायला भारी, पण खऱ्या तारा तशा हलत नाहीत, आणि वाजवणाऱ्याला ते बघून हसू येतं.

एसी गाडीतून उतरून थेट भटारखान्यात गेलात तर लेन्सवर दव धरणारच. पुसत बसू नका, बॅग आधी अर्धा तास बाहेर ठेवा. आणि वाफ दिसत नाही अशी तक्रार असेल तर उजेड मागून येऊ द्या, मागे काळोखी भिंत असू द्या. समोरून लाइट मारलात तर वाफ गायब.

कानाला हेडफोन नसणं

छोट्या टीममध्ये काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड आवाजाच्या माणसावर पडते. माझं मत याच्या उलट आहे. एकच माणूस परवडणार असेल तर तो आवाजाचा घ्या, कॅमेरा तुम्ही धरा. हललेलं चित्र लोक सहन करतात, फाटलेला आवाज नाही. आणि विषय गाणं असेल तर बोलायलाच नको.

मिरजेच्याच एका फेरीत आम्ही छोटा वायरलेस कॉलर माइक वापरला. त्यावर गोंगाट कमी करायचं बटण असतं, ते चालू राहून गेलं. पुण्याला येऊन ऐकलं तर चाचांचं बोलणं लखलखीत आणि मागचा तंबोरा जवळजवळ नाहीसा. आमच्यापैकी कोणालाच आधी सुचलं नव्हतं, पण त्या यंत्राच्या दृष्टीने एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा. तंबोराही एकसारखाच चालू असतो. त्याने पंखा समजून तंबोरा पुसून टाकला. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्येही हेच होतं. संगीत असेल तिथे गोंगाट कमी करणारं, आवाज आपोआप वरखाली करणारं सगळं बंद करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वांत जोरकस थाप उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि कॅमेऱ्यापासून वेगळा रेकॉर्डर. माइक घोडीला चिकटवू नका, हातभर लांब ठेवा, नाहीतर सूर कमी आणि तारेची खरखर जास्त.

स्वयंपाकघरात फ्रीज घरघरतो, तो बंद करावा लागतो, आणि शूट संपल्यावर चालू करायचा राहतो. दुसऱ्या दिवशी त्या घरात नासलेलं दूध आणि तुमच्याबद्दलची मतं. जुनी युक्ती आहे, गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय निघता येत नाही.

निघण्याआधी त्या जागेचा नुसता आवाज एक मिनिट घ्या, कोणीही न बोलता. एडिटला बसल्यावर कळेल का ते. आणि मोहरीची फोडणी दुसऱ्या माइकवरही घ्या, कारण ती तडतड नंतर कुठून आणणार?

गाण्याला गुऱ्हाळाचा नियम लावणं

काहील पुन्हा लागते, मांडा पुन्हा होतो. ख्याल पुन्हा होत नाही. आम्ही एका गायिकेला एकदा गाऊन घेतलं, मग "ताई, तेच परत, आता क्लोज घेतो" म्हटलं. बंदिश तीच होती, पण आलाप वेगळे, ताना वेगळ्या, लय किंचित चढी. पहिल्या आवाजावर दुसरं चित्र एक ओळभरही बसलं नाही.

कॅमेरा एकच असेल तर आवाज अखंड एका दमात घ्या आणि कॅमेराही शक्यतो न थांबवता चालू ठेवा. वरून जोडायला असे शॉट मिळवा ज्यात ओठ किंवा तबलजीची बोटं दिसत नाहीत. ऐकणारे, तंबोरा धरलेला हात, पाठीमागून खोली, दारातल्या चपला. जादाचा फोन स्टँडवर लावून वाइड चालू ठेवलात तरी जीव वाचतो.

एडिटमधली चूक तर टीव्हीवरसुद्धा रोज दिसते. गाणं मध्येच कापायचं. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. अकराव्या मात्रेवर कापलंत तर ज्याला ताल कळत नाही त्यालाही पायरी चुकल्यासारखं होतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, या आणि मग कापा. टीममध्ये कोणालाच सम कळत नसेल तर तबलजीला चहा पाजा आणि एडिटच्या वेळी शेजारी बसवा.

आणखी एक. संध्याकाळी पाचला बोलावून "तोडीतलं काहीतरी होऊ दे" म्हणू नका. सकाळचा राग आहे तो. काही जण भिडेखातर गातील, चेहऱ्यावर मात्र दिसेल. वेळ रागाला विचारून ठरवा, नाहीतर राग वेळेला विचारून. वाद्यं लागायलाही वेळ द्या. पावसाळ्यात तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैल पडते, तुमच्या गरम लाइटखाली पुन्हा चढते, आणि दर दहा मिनिटांनी हातोडी काढावी लागते.

जे दाखवायला नको ते दाखवणं

गोव्यात घुमट वाजवणाऱ्यांकडे जाल. मातीच्या घटाला चामडं बांधलेलं हे वाद्य २०१९ साली गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं. हल्ली बकऱ्याचं चामडं वापरतात, पण पूर्वी घोरपडीचं असे, आणि घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. एखादे आजोबा कौतुकाने माळ्यावरचं जुनं घुमट काढून दाखवतील आणि चामडं कशाचं तेही सांगतील. तुमचा शॉट सुंदर येईल आणि त्यांच्या दारात वनखातं उभं राहील. आधी विचार करा, मग दाखवा. जुन्या तंबोऱ्यांच्या घोडीतल्या शिंगाच्या तुकड्यांबाबतही तेच.

मसाल्याचं प्रमाण हीसुद्धा अशीच जागा. मिसळवाल्याने वजनकाटा वापरला तर काट्याचा आकडा चौकटीत नको. तो नाही म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी दार उघडणारही नाही.

हॉटेलात मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं चालू असेल तर बंद करायला सांगा, त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत. "अभंग आहे, तुकोबांचा आहे, त्याला कसला कॉपीराइट" हेही अर्धंच खरं. शब्द कोणाचे नाहीत, पण चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तिचे हक्क असतात. गाणाऱ्याचाही सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणून संमती लेखी घ्या, मराठीत घ्या, आणि सही करायच्या आधी वाचून दाखवा. निघताना रस्त्यात गाडीच्या बॉनेटवर घेतलेली सही मला कधीच बरी वाटली नाही.

दाखवायला परत न जाणं

मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्या गल्लीत कॅमेरे बरेच येऊन गेले. फिल्म दाखवायला परत किती आले, असं मी एकाला विचारलं. तो नुसता हसला.

आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. शेवटी एक प्रसंग होता. चाचा कानस ठेवतात, तार छेडतात, तंबोरा बोलायला लागतो. आम्हाला त्याचा फार अभिमान. चाचा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "हा आवाज जवारी लागायच्या आधीचा आहे."

एडिटमध्ये कुठला तरी जास्त स्वच्छ टेक उचलून आम्ही तिथे जोडला होता. पुण्यात दहा जणांनी बघितलं, एकालाही कळलं नव्हतं. त्या रात्री मिरजेच्या लॉजवर खरा टेक शोधून काढला. मागून रिक्षा जाते त्यात, थोडी घरघर आहे. तोच ठेवला.