पाठीसाठी ऑस्टिओपॅथी घेताय? या चुका टाळा

ऑस्टिओपॅथी म्हणजे हातांनी सांधे आणि स्नायू मोकळे करण्याची उपचारपद्धत. ती घेताना होणारी पहिली चूक म्हणजे आवाजाच्या मागे लागणं. पाठीतून 'कट्' वाजलं की मणका जागेवर बसला, असं लोक छातीठोकपणे सांगतात. मणका जागेवरून हललेलाच नसतो, मग तो बसेल कुठून? मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात आणि त्यांत वंगणासारखा द्रव असतो. झटक्यानं सांधा जरासा फाकला की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते. ऐकू येतो तो या पोकळीचा आवाज. एकदा वाजलेला सांधा पुढची साधारण 20 मिनिटं पुन्हा वाजत नाही. आवाज न होताही पाठ मोकळी होते आणि धडाधड आवाज होऊनही ती तशीच अडकलेली राहू शकते.

या नादाचा प्रवास ठरलेला असतो. कंबर धरते, झटका मिळतो, स्नायू सैल पडतात आणि दोन-चार तास अगदी हलकं वाटतं. संध्याकाळी पाठ पुन्हा आखडते. मग माणूस खुर्चीच्या पाठीला धरून स्वतःच कंबर पिळायला लागतो. आधी दिवसातून एकदा, महिन्याभरात दर तासाला. अशा पिळण्यात वाजतो तो बहुतेकदा आधीच सैल असलेला सांधा. खरा आखडलेला भाग, म्हणजे बरगड्यांमागची पाठ किंवा खुबा, जागचा हलत नाही. सैल सांध्यावर ताण वाढत जातो आणि 'झटका दिला तरच बरं वाटतं' असं म्हणत माणूस नव्या हाताच्या शोधात निघतो. अमेरिकी डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली ती शरीर एकसंध आहे या तत्त्वावर. म्हणून कंबर दुखत असताना खुबा, बरगड्या आणि श्वास न तपासता थेट कंबरेवर झटका देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

झटक्याशिवाय काम होतं ते असं. स्टुलावर बसायचं, हात विरुद्ध खांद्यांवर. उपचार करणारा धड उजवीकडे वळवतो आणि पहिला अडथळा लागला की थांबतो. आता रुग्णानं डावीकडे परतायचा प्रयत्न करायचा, ताकदीच्या पाचव्या हिश्श्याइतकाच, 5 सेकंद. समोरचा हात तेवढाच विरोध करतो. मग श्वास सोडून पूर्ण सैल पडायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि नव्या अडथळ्यापर्यंत वळायचं. असं 3 ते 5 वेळा. नवशिके इथे हमखास बिघडवतात. 'जोर लावा' म्हणतात, रुग्ण सगळी ताकद लावतो, मोठे स्नायू मध्ये पडतात आणि मणक्याजवळच्या ज्या लहान स्नायूंना सैल करायचं ते बाजूलाच राहतात. इथे जोर कमी पडून कधी बिघडत नाही, घाईनं बिघडतं.

आणि मोजा. उपचाराआधी पुढे वाकून बोटं जमिनीपासून किती सेंटीमीटर वर राहतात, न दुखता किती मिनिटं बसता येतं, हे वहीत लिहा. 'थोडं बरं वाटतंय' याला मोजमाप म्हणत नाहीत. चार-सहा वेळा जाऊनही आकडे हलले नाहीत तर निदान पुन्हा तपासायला सांगा.

दुसरी चूक याहून गंभीर आहे: 'बरं होताना दुखतंच' म्हणून पायाकडे दुर्लक्ष करणं. उपचारानंतर 24 ते 48 तास अंग ठणकणं स्वाभाविक आहे. पायात नव्यानं मुंग्या येणं, बधिरपणा, पाऊल घसटणं स्वाभाविक नाही. सगळ्यात फसवी वेळ येते ती पायाची कळ अचानक थांबते तेव्हा. घरात आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटायला लागते. नस इतकी दबलेली असते की दुखणंही कमी होतं आणि ताकदही जाते. म्हणून कळ कमी झाली तरी रोज टाचांवर दहा पावलं, चवड्यांवर दहा पावलं चालून पाहा. अंगठा वर उचलताना दोन्ही पाय सारखे आहेत का, तेही बघा. उलट पोटरीतलं दुखणं वर सरकून कंबरेत गोळा झालं, तर कंबर जास्त दुखली तरी ते सहसा चांगलं लक्षण.

सायकलच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, लघवी सुरूच होईना किंवा झालेली कळेना, तर ऑस्टिओपॅथकडे जायचंच नाही. त्याच तासाला रुग्णालय गाठा. तिथे काही तासांच्या उशिरानंही कायमचं नुकसान होऊ शकतं.

रक्त पातळ करणारी औषधं, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स, ठिसूळ हाडं किंवा पूर्वीचा कर्करोग यांतलं काहीही लपवू नका. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, रात्री पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

चक्कर, दुहेरी दिसणं किंवा कधी नव्हे अशी डोकेदुखी असताना मानेला झटका अजिबात नको. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटत असण्याची ती लक्षणं असू शकतात. व्हिडिओ बघून एकमेकांच्या माना मोडणाऱ्यांना तर हात जोडून विनंती: थांबा.

एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली 'गादी फुगलेली' वाचून खचू नका. अजिबात पाठ न दुखणाऱ्यांतही विशीत सुमारे 30 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के लोकांत ती दिसते.

तपासणीआधी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तसं सांगा, नाहीतर तपासणाऱ्याच्या हाताला चुकीचं चित्र मिळतं.

उपचारानंतर दोन दिवस अंथरूण धरू नका आणि त्याच संध्याकाळी वजनंही उचलू नका. दिवसभरात दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं सपाट रस्त्यावर, हात मोकळे सोडून चाला. मिळालेली हालचाल टिकते ती या चालण्यानं.