कारवी फुलली म्हणून निघालात? आधी या चुका टाळा

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारं, काही वर्षांतून एकदाच फुलणारं झुडूप. ऑगस्ट सरत आला की ओळखीतल्या लोकांचे फोन सुरू होतात. "यंदा कारवी आहे का? कुठे जाऊ?" बोलण्यात उत्साह असतो, पण तयारी बहुधा चुकीची असते. मग कुणी फुलं न बघताच परत येतं, तर कुणी बघून येताना झाडांचं नुकसान करून येतं.

पहिली चूक हिशेबाची. कारवी दर सात वर्षांनी फुलते असं घरोघरी सांगतात, आणि पुस्तकं मात्र आठ म्हणतात. दोन्ही खरं आहे, मोजायची जागा तेवढी वेगळी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ साली कारवी फुलली. तिचं बी २००९च्या पावसात रुजलं. ती रोपं २०१६ साली फुलली, तेव्हा त्यांचं वय सात वर्षांचं होतं आणि पावसाळा आठवा. म्हणजे झाडाचं वय धरलं तर सात आणि दोन बहरांमधलं अंतर धरलं तर आठ. त्यानंतरचा बहर २०२४ला येऊन गेला, तेव्हा तिथली पुढची पाळी २०३२ची.

हे गणित दुसऱ्या डोंगराला लावू नका. बोरिवलीची वर्षं भीमाशंकरला लागू पडतील असं नाही. एका डोंगराची कारवी एकदम फुलते, पण शेजारच्या खोऱ्याचं वर्ष निराळं असू शकतं. शिवाय मधल्या वर्षीही चुकार झुडपं फुलतात. अशा एका झुडपाचा फोटो मोबाईलवर फिरला की शंभर गाड्या निघतात. जायच्या आधी पायथ्याच्या गावात विचारा. रोज रानात जाणाऱ्या माणसाला डोंगर कुठल्या वर्षात आहे ते ठाऊक असतं.

दुसरी चूक ओळखण्यातली. केरळात मुन्नारला फुलते ती नीलकुरिंजी. ती कारवीची नातलग खरी, पण तिचं चक्र बारा वर्षांचं. २००६, २०१८ आणि आता २०३०. ती उंचावरच्या गवताळ डोंगरांवर राहते, तिचे फोटो टाकून 'सह्याद्रीतली कारवी' असं लिहू नका. कासच्या पठारावर पालथ्या टोपलीसारखी दिसणारी बुटकी झुडपं असतात, ती टोपली कारवी. तीही निराळी.

आपली कारवी पठारावर शोधून सापडायची नाही. तिची जागा उतारावर, मोठ्या झाडांच्या विरळ सावलीत. तिथे ती दाटीवाटीनं उभी असते, दोन माणसं उंच, कधी त्याहून जास्त. खोडावरून हात फिरवा, पुळ्यांसारखे उंचवटे बोटांना लागतात. पान मोठं आणि खरबरीत, कडा दातेरी. निळसर जांभळी फुलं कणसासारख्या तुऱ्यावर येतात, आणि हा तुरा चिकट केसांनी भरलेला असतो. दाट कारवीतून पाच मिनिटं चाललात तर शर्टाला चिकटा लागतो आणि उग्र वास घरापर्यंत येतो. हे एकदा अनुभवलंत की फोटोवरून ओळखायची गरज उरत नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट जीवावरची आहे. घसाऱ्यावर कारवीचा आधार घ्यायची आपल्याला सवय असते, आणि हिरवी कारवी माणसाचं वजन पेलतेही. पण फुलून गेलेली कारवी मेलेली असते. उभी दिसते, हातात धरली की काडकन तुटते. बहरानंतरच्या उन्हाळ्यात एका उतारावर माझ्या हातात असा अख्खा बुंधा आला होता. खाली झाड होतं म्हणून निभावलं. त्या वर्षी कारवीवर भरवसा ठेवू नका, दोर न्या.

आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कारवी आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. हिवाळ्यापासून डोंगर करडा दिसायला लागतो. लोकांना वाटतं, वाळलेला कचरा आहे, तोडा, पेटवा. पण त्या वाळक्या तुऱ्यांवर बोंडं असतात आणि बोंडांत पुढच्या पिढीचं बी. ते पहिल्या पावसाची वाट बघत तिथेच थांबलेलं असतं. त्या उन्हाळ्यात वणवा लागला तर त्या उताराचं बी त्यात होरपळतं. आणि कारवी गेली की उताराची माती धरून ठेवणारी मुळं गेली. फुलांच्या महिन्यात जेवढे पहारे लागतात, त्याच्या निम्मे जरी पुढच्या एप्रिल-मेमध्ये लागले तरी मला बरं वाटेल.

कारवीच्या काठ्यांचा कुड, म्हणजे भिंत विणून, त्यावर शेणमाती लिंपून वारली, ठाकर, कातकरी घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. त्या तोडीला मी चूक म्हणणार नाही. ती गरजेपुरती असते. बहराच्या वर्षी हौसेनं तुरे मोडून गाडीच्या काचेला लावणं ही मात्र चूकच. राष्ट्रीय उद्यानात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे.

रोप आणून गॅलरीत लावायचा विचार असेल तर सोडून द्या. फूल बघायला सात वर्षं थांबाल आणि ते आल्यावर झाड जाईल. दर वर्षी मिळणाऱ्या 'कारवीच्या मधा'बद्दलही विक्रेत्याला एवढंच विचारा, की यंदा कुठला डोंगर फुलला होता?

बहर हुकला असेल तर पुढच्या जूनमध्ये त्याच उताराला जा. गर्दी नसते. पहिल्या सरीचं पाणी वाळक्या बोंडांत मुरलं की ती तटातट फुटायला लागतात. आधी एक, मग चार, मग सगळा उतार तडतडतो आणि बी पालापाचोळ्यावर उडून पडतं. पायवाट सोडू नका, कारण थोड्याच दिवसांत तिथे पायाखाली दोन-दोन पानांची कारवी उगवलेली असेल.